आढळले नाही, म्हणजे नाही काय?



 सिंदखेडराजा हे जिजाऊंचे माहेर आपल्या तालुक्याचे ठिकाण. लोणारचे सरोवरही दुसरबीडहून फार दूर नाही. तेव्हा इतिहासावर किंवा लोणारवर बोलावे अशी आपली अपेक्षा असल्यास ती साहजिक आहे. लोणारचा विषय पुढे एके ठिकाणी येणारच आहे. तथापि आज आम्ही जो विषय निवडला आहे, तो नावाने जरा रुक्ष वाटेल. अपुऱ्या माहितीचे तुकडे एकत्र करून संगणकासाठी तर्काचे नियम कसे रचावेत, हा तो विषय होय.

नाव रुक्ष असले तरी विषय आपल्या घरचा आहे. तलाठ्याच्या दप्तरात, सोसायटीच्या खतावणीत, शिधापत्रिकेत, शाळेच्या रजिस्टरात आपल्याविषयी जे लिहिलेले असते, त्यावरून आपले हक्क ठरत आले आहेत. आता ही दप्तरे संगणकावर गेली आहेत आणि एका दप्तराचे दुसऱ्याशी बोलणे सुरू झाले आहे. लिहिलेल्यावरून निर्णय कसा करावा हे कोणालाही कळते. परंतु जे लिहिलेले नाही, त्यावरूनही निर्णय होत असतात. "तुमचे नाव यादीत आढळत नाही" हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी खिडकीपाशी उभे राहून ऐकले असेल. "आढळत नाही" या शब्दांचा "नाही" केव्हा होतो, आणि तसा तो करण्याचा अधिकार कोणाला, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

प्रथम दोन वाक्यांतला फरक पाहू. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो आणि फरशी पुलावरून पाणी वाहू लागते. समजा, एस.टी.च्या ड्रायव्हरला नियम घालून दिला की, "पुलावर पाणी असल्याची खबर नसेल, तर गाडी न्यावी." दुसरा नियम असा की, "पुलावर पाणी नाही अशी खबर असेल, तर गाडी न्यावी." दोन्ही वाक्ये ऐकायला जवळजवळ सारखीच आहेत. पण मध्यरात्री टेलिफोनची तार तुटलेली आहे, मोबाइललाही रेंज नाही, आणि पुलावर कोणी गेलेलेच नाही, अशा वेळी काय होईल? पहिला नियम गाडी पाण्यात घालील, दुसरा ती काठावर थांबवील. अमेरिकेतील मॅकार्थी या तर्कशास्त्रज्ञाने हाच भेद आगगाडीचे रूळ ओलांडणाऱ्या बसच्या दाखल्याने दाखविला होता. आपल्याकडे रुळांपेक्षा ओढेच अधिक आडवे येतात, म्हणून आम्ही दाखला बदलून घेतला, इतकेच.

हा भेद आपल्या देशात नवा नाही. आपल्या शास्त्रकारांनी त्याचा काथ्याकूट हजार वर्षांहून अधिक काळ केला आहे. ज्ञान मिळविण्याची साधने किती, या प्रश्नाची चर्चा करताना भाट्ट मीमांसकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या जोडीला सहावे प्रमाण मानले, ते अनुपलब्धी. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले कुमारिल भट्ट हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही हे प्रमाण स्वीकारले. प्राभाकरांनी ते नाकारले. नैयायिकांनी त्याला स्वतंत्र स्थान दिले नाही. त्या वादात आज आपल्याला शिरावयाचे नाही. आपल्या कामाची गोष्ट ही की, ते मानणाऱ्यांनी त्याला एक अट घातली. जमिनीवर घट दिसत नाही, म्हणून तेथे घट नाही, असे आपण म्हणतो. पण अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर घट नाही असे म्हणता येईल काय? येणार नाही. उजेड हवा, डोळे शाबूत हवेत, वस्तू दिसण्याजोगी हवी. थोडक्यात, ती तेथे असती तर दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अशा परिस्थितीत ती दिसली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. यालाच योग्यानुपलब्धी असे नाव आहे. बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी दृश्यानुपलब्धीचे विवेचन करताना जवळजवळ हीच मर्यादा घातली आहे.

ही केवळ पंडितांची चर्चा आहे असे कोणी समजू नये. बेपत्ता माणसाविषयी आपल्या कायद्यात जी तरतूद आहे तीच पाहा. माणूस जिवंत असता तर ज्यांना त्याची खबर स्वाभाविकपणे लागली असती, अशा लोकांना 7 वर्षे त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. 1872 च्या पुरावा कायद्यात हे तत्त्व होते, आणि 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कायम आहे. शब्द बारकाईने पाहा. कोणालाही खबर नाही एवढ्याने भागत नाही. ज्यांना खबर लागली असती त्यांना ती नाही, असे दिसावे लागते. मीमांसकांची योग्यता कायद्याच्या भाषेत आली, ती अशी.

आता संगणकाकडे वळू. साधारणपणे संगणकाला कामाचा क्रम सांगावा लागतो: आधी हे कर, मग ते कर. 1972 च्या सुमारास फ्रान्समधील मार्सेय येथे कोलमेरोअर आणि रूसेल यांनी, व एडिंबरो येथील कोवाल्स्की यांच्या विचारांच्या साह्याने, निराळी वाट काढली. संगणकाला क्रम सांगण्याऐवजी वस्तुस्थिती आणि नियम सांगावेत, आणि त्यांतून उत्तर काढण्याचे काम त्याच्यावर सोपवावे, अशी ती कल्पना. "अमुक हा तमुकाचा मुलगा" ही वस्तुस्थिती. "मुलाचा मुलगा तो नातू" हा नियम. यांवरून कोण कोणाचा नातू ते संगणकाने शोधावे. या भाषेला त्यांनी प्रोलॉग असे नाव दिले. नियमांची ही मांडणी म्हणजेच तार्किक प्रोग्राम.

जोवर नियमांत केवळ "आहे"चीच भाषा असते, तोवर असे दोन प्रोग्राम जोडणे निर्धोक असते. एका वहीत दहा नाती, दुसरीत आणखी दहा. दोन्ही एकत्र केल्या तर पहिल्या वहीवरून निघालेला एकही निष्कर्ष मोडत नाही, उलट नव्या निष्कर्षांची भर पडते. भूमितीत नवे प्रमेय शिकल्याने जुने खोटे ठरत नाही, तसेच हे.

परंतु व्यवहारात "नाही"वाचून चालत नाही. "ज्याच्याकडे थकबाकी नाही त्याला कर्ज द्यावे" असा साधा नियम घ्या. थकबाकी नसल्याची नोंद कोणी करीत नाही. वहीत थकबाकीदारांचीच नावे असतात. म्हणून संगणक थकबाकी सिद्ध करण्याचा प्रयत्न करतो, आणि तो फसला की "थकबाकी नाही" असे धरून पुढे जातो. 1978 साली 'तर्कशास्त्र आणि विदासंग्रह' या विषयावरील एकाच ग्रंथात दोन निबंध प्रसिद्ध झाले. कीथ क्लार्क यांनी या रीतीचे तर्कशास्त्रीय विवेचन केले. सिद्ध करण्यात आलेले अपयश हाच नकार, असे त्या रीतीचे स्वरूप आहे. रेमंड रायटर यांनी त्यामागचे गृहीतक उघड करून मांडले: जे वहीत आहे तेवढेच जग, त्यापलीकडे काही नाही. याला बंद जगाचे गृहीतक म्हणतात.

हे गृहीतक मुळातच चुकीचे आहे असे आमचे म्हणणे नाही. एस.टी. स्टँडवरच्या फलकावर रात्री अकराची गाडी लिहिलेली नसेल, तर अकराची ठरलेली गाडी नाही असे समजून आपण घरी जातो, आणि ते योग्यच करतो. कारण असलेली प्रत्येक गाडी लिहिणे हेच त्या फलकाचे काम आहे. ती असती तर दिसलीच असती. तेव्हा प्रश्न गृहीतकाचा नसून वहीच्या योग्यतेचा आहे.

आमच्या मते या दृष्टीने वह्यांचे दोन प्रकार करावे लागतात. काही वह्या हक्क घडवितात, काही वह्या हक्काची बातमी देतात. मतदारयादी पहिल्या प्रकारची. यादीत नाव नसेल तर त्या दिवशी मत देता येत नाही. माणूस वयाने पात्र असला तरी कायद्याने यादीच निर्णायक ठरविली आहे. अशा वहीत "आढळले नाही" म्हणजे "नाही" हे खरे. परंतु वारसाची नोंद दुसऱ्या प्रकारची आहे. माणूस वारल्याक्षणी वारसांचा हक्क निर्माण होतो; तलाठ्याने तो नंतर लिहावयाचा असतो. फेरफाराच्या नोंदीने मालकी निर्माण होत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे, त्याचे कारण हेच. बातमी देणारी वही हक्क घडविणाऱ्या वहीसारखी वापरली, म्हणजे अन्याय होतो. आणि तो कोणाच्या मनात नसताना होतो.

एक दाखला सविस्तर घेऊ. समजा, एक शेतकरी वारला. जमीन त्याची स्वतः कमावलेली होती, आणि त्याने मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेली एक मुलगी. आई पूर्वीच निवर्तलेली. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे हे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस. प्रत्येकाचा वाटा एक चतुर्थांश.

आता वह्या पाहू. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदवहीत मृत्यू आहे. शिधापत्रिकेत पत्नी आणि दोन मुलगे आहेत. मुलीचे नाव लग्नानंतर कमी केलेले आहे, आणि शिधापत्रिकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण ती आता त्या घरी जेवत नाही. गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र मुलगी बापाच्या नावासह आहे. यांतली एकही वही खोटी नाही. प्रत्येकीला थोडे ठाऊक आहे, आणि सगळे कोणालाच ठाऊक नाही.

संगणकाला आपण नियम दिला: "मृताची पत्नी, आई, मुलगा, मुलगी हे वारस. यांखेरीज आणखी वारस आढळत नसेल, तर यादी पुरी समजून समान वाटे करावेत." केवळ शिधापत्रिका पुढे ठेवली, तर उत्तर येते: वारस तीन, वाटा एक तृतीयांश. शाळेचे रजिस्टर जोडले की तेच उत्तर बदलते: वारस चार, वाटा एक चतुर्थांश. माहिती वाढली आणि आधीचा निष्कर्ष मागे घ्यावा लागला. भूमितीत असे कधी होत नाही. "आढळत नसेल तर" हे शब्द नियमात आले की मात्र असे होणारच.

आता जोडण्याच्या दोन रीती पाहा. पहिल्या रीतीत प्रत्येक कचेरी आपापल्या वहीवरून निष्कर्ष काढते आणि तयार निष्कर्ष पुढच्या कचेरीला देते. शिधापत्रिकेवरून "आणखी वारस नाही" हे वाक्य निघते, आणि पुढच्या टेबलावर ते वस्तुस्थिती म्हणून दाखल होते. कोणालाही तेथे हे दिसत नाही की या "नाही"च्या पोटात "आम्हांस आढळले नाही" एवढेच होते. पुढे शाळेचे रजिस्टर आले तर दोहोंत विसंगती उभी राहते, आणि आधी आलेला कागद बहुधा जिंकतो. दुसऱ्या रीतीत सर्व वह्यांतील वस्तुस्थिती आणि नियम आधी एकत्र आणावयाचे, आणि "आढळले नाही" हा निर्णय सर्वांत शेवटी, एकत्र केलेल्या दप्तरावर करावयाचा. आधी जोडावे, मग मिटावे. वही लवकर मिटली की तिच्यातील अज्ञानही ज्ञान म्हणून पुढे जाते.

पण एवढ्यानेही पुरे होत नाही. मुलगी मामाच्या गावी शिकली असेल तर गावच्या रजिस्टरातही ती सापडणार नाही. दहा वह्या जोडल्या तरी वारसांची यादी पुरी झाली असे वह्यांच्या बळावर म्हणता येणार नाही. येथे खोलीत दिवा लावावा लागतो. आपल्या 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात हा दिवा ठेवलेला आहे. वारसाने किंवा अन्य रीतीने हक्क मिळाल्यास 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावे, असे कलम 149 सांगते. पुढच्या कलमाप्रमाणे नोंदीची प्रत चावडीत लावावयाची, आणि संबंधितांना लेखी कळवावयाचे. कोणाला कळवावयाचे? दप्तरावरून ज्यांचा संबंध दिसतो त्यांना. आणि शिवाय, ज्यांचा संबंध असेल असे मानण्यास तलाठ्याला कारण आहे अशा इतरांनाही. हे दुसरे वाक्य आम्हांला फार मोलाचे वाटते. दप्तर अपुरे असू शकते हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. गावात मुलगी आहे हे तलाठ्याला माहीत असते, कोतवालाला माहीत असते, शेजाऱ्याला माहीत असते. यंत्रावर नोंद चढविताना पहिले वाक्य सहज चढते, कारण दप्तरातील नावे यंत्राला दिसतात. दुसरे वाक्य चढत नाही, कारण "मानण्यास कारण आहे" हे यंत्राच्या दप्तरात कोठेच नसते. ते कोणीतरी विचारून आणावे लागते.

याच अधिनियमाचे कलम 157 तर या विषयाचे सारच आहे. हक्कनोंदणीतील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी दुसरी नोंद कायदेशीरपणे होईपर्यंत, खरी समजावी. "खरी आहे" असे कलम म्हणत नाही, "समजावी" असे म्हणते, आणि कोठवर ते सांगते. अशी समजूत मागे घेता येते, हे तिचे बळ आहे.

मागे घेता येणाऱ्या निष्कर्षाचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. लोणारच्या विवराची नोंद 1823 साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने केली. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा वाटोळा खड्डा ज्वालामुखीच्या लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकात आहे. तेव्हा खडक ज्वालामुखीचा, म्हणून विवरही ज्वालामुखीचेच, असे पुष्कळ काळ मानले गेले. दुसरे कारण आढळत नव्हते, म्हणून हे मानणे गैर नव्हते. 1896 साली गिल्बर्ट या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने ॲरिझोनातील विवराशी लोणारचे साम्य सुचविले. पण निर्णय झाला तो 1973 साली, जेव्हा फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी विवरात खोल छिद्रे घेऊन काढलेल्या खडकांत मास्केलिनाइट ही काच दाखविली. ही काच प्रचंड आघातानेच होते. ज्वालामुखीने होत नाही. जुनी समजूत मागे घेतली गेली, आणि लोणार हे उल्काविवर ठरले. येथे ध्यानात घ्यावयाचे ते असे की, त्यापूर्वी आघाताची काच आढळली नव्हती, कारण तेवढ्या खोलीवर कोणी पाहिलेच नव्हते. खोली अंधारी होती, आणि छिद्र घेणे हाच तेथला दिवा.

अपुरे तुकडे जोडताना आणखी एक अडचण येते, ती अधिक विलक्षण आहे. समजा, गावठाणाच्या कडेला एक जागा आहे. एका कचेरीचा नियम असा: "मिळकत पत्रिकेच्या दप्तराने ही जागा आपली मानलेली नसेल, तर ती शेतजमीन समजावी." दुसरीचा नियम असा: "शेतजमिनीच्या दप्तराने ही जागा आपली मानलेली नसेल, तर ती गावठाणातली समजावी." दोन्ही नियम एकेकटे समंजस आहेत, प्रत्येकाला एकटे चालविले तर एकच स्पष्ट उत्तर मिळते. पण दोन्ही एकत्र केले, आणि जागेची नोंद कोठेच नसेल, तर? जागा शेतजमीन समजा. दुसरा नियम गप्प बसतो, आणि सगळे जुळते. जागा गावठाणातली समजा. पहिला नियम गप्प बसतो, आणि तेही जुळते. दोन जगे, आणि दोन्ही तितकीच सुसंगत. जागेचा मालक या खिडकीवरून त्या खिडकीवर का हिंडतो, याचे तर्कशास्त्रीय कारण आपल्याला येथे सापडते.

1988 साली गेल्फाँड आणि लिफ्शिट्झ यांनी अशा प्रोग्रामांचा अर्थ लावण्याची रीत दिली. जी जगे स्वतःशी सुसंगत आहेत, ती सर्व समोर ठेवावीत. त्यांना त्यांनी स्थिर प्रतिमाने म्हटले. जे सर्व जगांत खरे ते निश्चित. जे काही जगांत खरे आणि काहींत खोटे, ते अनिर्णित. पुढे काही वर्षांनी त्याच दोघांनी प्रोग्रामात दोन निरनिराळे नकार ठेवण्याची सोय केली: एक "नाही" आणि दुसरा "आढळले नाही". फरशी पुलाच्या दाखल्यातील दोन नियम आता यंत्राला वेगवेगळे सांगता येऊ लागले. तेव्हा यंत्राला हा भेद कळत नाही, अशी तक्रार आता कोणाला करता येणार नाही. भेद सांगण्याची भाषा उपलब्ध आहे. तो सांगावयाचा की नाही हे नियम लिहिणाऱ्याच्या हाती आहे.

यातून उत्तरांचा तिसरा प्रकार निघतो. "हो", "नाही" यांच्या जोडीला "ठाऊक नाही" हे उत्तर यंत्राने देता आले पाहिजे. त्याहूनही चांगले उत्तर असे: "अमुक गोष्ट खरी ठरली तर हो, ती विचारून सांगा." जे दप्तरात नाही ते खोटे न धरता, निष्कर्षाला कोणती कडी कमी पडते ते शोधून काढणे, या पद्धतीवर कोवाल्स्की आणि त्यांचे सहकारी काकास व टोनी यांनी 1992 च्या सुमारास विस्ताराने लिहिले आहे. आपल्या मुंबईतही नियमांवर चालणाऱ्या ज्ञानप्रणालींचे काम झाले आहे. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने 'विद्वान' नावाची अशी प्रणाली तयार केली होती, आणि 1989 साली मुंबईत या विषयावर परिषदही भरली होती. अशा प्रणालींत यंत्राने माणसाला प्रश्न विचारणे हे कमीपणाचे मानले जात नाही. चांगला वैद्य नाडी पाहून गप्प बसत नाही. काय खाल्ले, केव्हापासून दुखते, हे विचारतो. यंत्राकडूनही आपण तेवढीच अपेक्षा करावी.

येथे कोणी आक्षेप घेईल की, सगळे कळेपर्यंत थांबावयाचे म्हटले तर कारभार चालणार कसा? पीकविम्याची मुदत थांबत नाही, पेरणी थांबत नाही, थकबाकीवरचे व्याज तर मुळीच थांबत नाही. हा आक्षेप खरा आहे. अपुऱ्या माहितीवर निर्णय करू नये असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारा माणूस घराबाहेर पाऊलही टाकू शकणार नाही. मृगाचा पाऊस पडला म्हणून शेतकरी पेरतो, तोही पुढच्या पावसाची खात्री नसतानाच. पण पेरणारा शेतकरी आपण कशाच्या भरवशावर पेरले हे विसरत नाही, आणि पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणीची तयारी मनाशी ठेवतो. दप्तराला आणि यंत्राला आपण हेच शिकविले पाहिजे.

तेव्हा आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो. पहिली ही की, प्रत्येक वहीवर ती कशाच्या बाबतीत पुरी आहे आणि कशाच्या बाबतीत नाही, हे लिहिलेले असावे. शिधापत्रिका घरात जेवणाऱ्यांच्या बाबतीत पुरी असेल. वारसांच्या बाबतीत ती पुरी नाही. दुसरी, दोन वह्या जोडताना निष्कर्ष जोडू नयेत, वस्तुस्थिती आणि नियम जोडावेत, आणि "आढळले नाही" हा शेरा सर्वांत शेवटी मारावा. तिसरी, जेथे वही पुरी नाही तेथे यंत्राने "नाही" म्हणू नये. काय कमी पडते ते सांगावे आणि ते कोणाला विचारावे तेही सांगावे. चौथी, जो निर्णय एखाद्या "आढळले नाही"वर उभा आहे, त्या निर्णयावरच तसे नोंदलेले असावे, म्हणजे उद्या ती गोष्ट आढळली की निर्णय आपोआप पुन्हा उघडेल. अर्जदाराला पहिल्यापासून लढावे लागणार नाही. 1979 साली डॉयल यांनी निष्कर्षासोबत त्याची कारणे जपून ठेवणाऱ्या प्रणालीची रचना सांगितली आहे, तेव्हा ही मागणी अशक्य कोटीतली नाही.

या चारही गोष्टी यंत्र तयार करणाऱ्यांसाठी आहेत असे समजून आपण निश्चिंत राहू नये. यंत्राचे नियम कोठेतरी दूर लिहिले जातात हे खरे, पण त्यात भरली जाणारी वस्तुस्थिती येथेच, या गावात तयार होते. वारसाच्या अर्जावर नावे लिहून देताना आपणच जर लग्न झालेल्या बहिणीचे नाव सोडले, तर कितीही शहाणा प्रोग्राम ते नाव कोठून आणणार? यंत्राला ती न दिसणे हे अज्ञान. आपल्याला ती दिसत असून न लिहिणे याला दुसरे नाव आहे. आणि खिडकीपलीकडून "आढळत नाही" असे उत्तर आले, तर रागावून किंवा खचून परत फिरण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा: "साहेब, कोणत्या वहीत आढळत नाही, आणि ती वही या बाबतीत पुरी आहे काय?" हा प्रश्न विचारण्यासाठी संगणक शिकलेला असण्याची गरज नाही. तो विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि उत्तर देणाऱ्यालाही त्यामुळे आपल्या दप्तराकडे नव्याने पाहावे लागेल.

 आता प्रश्नोत्तरांसाठी थोडा वेळ अध्यक्षमहाशयांनी ठेवला आहे. ज्यांना शंका असतील त्यांनी त्या मोकळेपणाने विचाराव्यात.